दार कोणी उघडले? मुलांना कंपनीचा इतिहास शिकविताना



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ज्या वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तिच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. ती रीत मोडून दारव्ह्याच्या या मंडळींनी मजसारख्या कामगार संघटनेच्या माणसास इतिहासावर बोलावयास उभे केले आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. दिवसा जिनात रुई ओढावी आणि रात्री पुस्तक उघडावे, असा माझा अभ्यासक्रम होता. तेव्हा आज मी जे सांगणार आहे त्यात संशोधन नाही. हमाल, रेजा आणि मापाडी यांच्या मुलांना इतिहास सांगताना माझे काय चुकले आणि त्या चुकीतून मला काय उमगले, एवढेच सांगावयाचे आहे.

जिनांचा हंगाम आटोपला की उन्हाळ्यात आमच्या संघटनेच्या खोलीत मुलांचा वर्ग भरतो. काही वर्षांपूर्वी मी त्यांना इंग्रज हिंदुस्थानात कसे आले हे शिकवावयास घेतले. एका मुलास पुठ्ठ्याची टोपी घातली, हाती काठी दिली आणि त्यास साहेब केले. उरलेली मुले रयत झाली. साहेब आला, त्याने लुटले, मग रयतेने उठून त्यास पळवून लाविले, असे ते नाटक. मुलांना फार आवडले. इतके आवडले, की शेवटच्या प्रवेशात साहेब झालेल्या पोरास खरोखरच मार बसला आणि तो रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी साहेब होण्यास कोणी तयार होईना.

त्याच दिवशी एका हमालाच्या मुलीने मला विचारले, ''भाऊ, साहेब एवढूसे होते अन् आपन एवढे सारे होतो. मंग त्याहिले दार कोनं उघडलं?''

मजजवळ उत्तर नव्हते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु घरी जाताना मनास चुटपुट लागली, की आपण मुलांना इतिहास शिकविला नाही. टोपीवाल्याला मारण्याचा खेळ शिकविला. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे उलटून गेली. आज टोपी घालून कोणी येणार नाही. जो येईल तो कागद घेऊन येईल, आणि त्यास ओळखण्याची विद्या मी शिकविलीच नव्हती.

मग मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राजपुत्रांना शिकवीत असत. त्या शिकवणीसाठी काढलेल्या टिपणांतून पुढे त्यांच्या रियासती उभ्या राहिल्या. म्हणजे मराठीतला एवढा मोठा इतिहासग्रंथ मुळात मुलांना शिकविण्याच्या गरजेतून जन्मास आला. ती मुले राजाची होती. राजाच्या मुलास राज्य कसे राखावे हे कळले पाहिजे, म्हणून इतिहास. मग हमालाच्या मुलास कशासाठी? माझ्या मते, राज्य जाते कसे आणि ते जाताना आपला बाप कोठे उभा होता, हे कळण्यासाठी.

दुसऱ्या खेपेस मी नाटक सोडले आणि फरशीवर खडूने जगाचा नकाशा काढला. इंग्लंडच्या बेटापासून दोन दोऱ्या सोडल्या. एक पश्चिमेकडे अमेरिकेस गेली, दुसरी आफ्रिकेस वळसा घालून सुरतेस आली. पहिल्या दोरीवर १६०७ हा आकडा ठेवला. त्या वर्षी व्हर्जिनिया कंपनीच्या लोकांनी जेम्सटाऊन ही वसाहत मांडली. दुसरीवर १६०८ ठेवला. त्या वर्षी ऑगस्टात ईस्ट इंडिया कंपनीचे 'हेक्टर' जहाज घेऊन विल्यम हॉकिन्स सुरतेस लागला. अवघ्या एका वर्षाचे अंतर! आणि गंमत अशी, की सर टॉमस स्माइथ नावाचा लंडनचा एकच व्यापारी दोन्ही कंपन्यांच्या कारभारात अग्रभागी होता. ईस्ट इंडिया कंपनीस ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळाली तेव्हा तिचा पहिला गव्हर्नर तोच, आणि पुढे व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदारही तोच.

मी मुलांना विचारले, माणसे त्याच देशाची, पैसा त्याच पेढ्यांचा, मग दोन ठिकाणी गोष्ट निराळी का घडली? मुलांनी पुष्कळ डोके चालविले. अमेरिकेत पौहाटन राजाच्या मुलखात उतरलेल्या इंग्रजांना जमीन हवी होती. आरंभी ते उपाशी मेले. १६०९-१०च्या हिवाळ्यात तर वसाहत बुडण्याच्या बेतास आली. पुढे तंबाखू पिकू लागली तशी जमिनीची भूक वाढली. मूळचे लोक मागे रेटले गेले, आणि १६१९पासून आफ्रिकेतील माणसे पकडून तेथे कामास आणली जाऊ लागली. सुरतेस मात्र मोगलांचे राज्य बळकट होते, बाजार भरलेला होता, हुंडी चालत होती. येथे जमीन हिसकावणे शक्य नव्हते आणि त्या घटकेस गरजेचेही नव्हते. येथे हवी होती वखार. १६१२ साली सुवाळीपाशी इंग्रजांनी पोर्तुगीज गलबतांना हटविले, त्यानंतर त्यांना सुरतेस वखार घालता आली. पुढे सर टॉमस रो वकील म्हणून जहांगिराच्या दरबारी तीन वर्षे सवलती मागत राहिला.

येथे मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. दार फोडले गेले नाही; ते बाजाराचे दार होते आणि ते आधीपासूनच उघडे होते. गुजराती दलालावाचून इंग्रजास कापडाचा एक तागाही मिळाला नसता. बादशहास जकात हवी होती, दलालास दलाली हवी होती, विणकरास आगाऊ रक्कम हवी होती. प्रत्येकाने आपापल्या फायद्यापुरते दार किलकिले केले. सगळ्या फटी मिळून केवढा दरवाजा होतो, हे कोणी मोजले नाही.

कोणीच मोजले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शिवाजी महाराजांस या टोपीकरांची पारख लवकर झाली होती. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळा वेढला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफ आणि गोळे घेऊन त्याच्या मदतीस गेले आणि स्वतःचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. व्यापारी म्हणून राहावयाचे आणि दुसऱ्याच्या युद्धात तोफ डागावयाची, हा कोठला न्याय? पुढल्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर चालून जाऊन ती वखार लुटली आणि तेथील इंग्रजांना कैदेत टाकिले. तथापि त्यांनी व्यापाराचे दार कायमचे बंद केले नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याशी तहही केला. शिक्षा करावी तेथे शिक्षा, करार करावा तेथे करार, परंतु आपला हात वर ठेवून!

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याच धोरणाचे सार आले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या ग्रंथात साहुकार आणि टोपीकर यांतला भेद स्पष्ट सांगितला आहे. टोपीकर हा साधा सावकार नव्हे, त्याच्या पाठीशी त्याचा राजा उभा असतो. त्यास वखारीस जागा देणे भागच पडले तर ती समुद्रकिनारी, बंदराच्या तोंडाशी देऊ नये, असा त्याचा आशय. मी हा भाग मुलांना सोप्या बोलीत सांगितला आणि फरशीवर खाडी, किल्ला, बंदर, बाजारपेठ काढून म्हटले, तुम्ही अमात्य आहा. वखारीस जागा दाखवा. मुलांनी एकमेकांशी कडाक्याचा वाद घातला. एकाने वखार बंदरावर दिली, दुसऱ्याने ती पुसून बाजारपेठेत आणली, तिसरा म्हणाला, जागा द्यावीच कशाला? तेव्हा चौथ्याने विचारले, मग आपले कापड घेणार कोण? एका तासात मुले राज्यकारभाराच्या ज्या पेचापर्यंत पोचली, तेथपर्यंत माझे ते टोपीचे नाटक सात जन्मांत पोचले नसते.

यानंतर मी मुलांना तीन भाडेपट्टे शिकवितो. भाडे ही गोष्ट आमच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. खोलीचे भाडे थकले म्हणजे काय होते, हे त्यांनी घरीच पाहिलेले असते.

पहिला पट्टा मुंबईचा. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली वसईबरोबर ती बेटे पोर्तुगिजांस मिळाली. १६६१च्या तहाने ती इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला कॅथरिन राणीबरोबर आंदण मिळाली. राजास ती सांभाळणे परवडेना, तेव्हा १६६८ साली त्याने ती कंपनीस दिली. भाडे वर्षाला १० पौंड. बेटांवर राहणाऱ्या कोळ्या-भंडाऱ्यांना या तिन्ही वेळी कोणी एका शब्दाने विचारले नाही. १६८७ साली कंपनीने आपले ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. आता तिच्यापाशी बंदर होते, किल्ला होता, न्यायकचेरी होती. ज्या जागेविषयी अमात्य पुढे सावध करणार होते, नेमकी तीच जागा तिला मिळून गेली होती.

दुसरा पट्टा आपल्या वऱ्हाडचा, आणि हा मी सावकाश शिकवितो. १८०३ साली अडगाव आणि गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाला. त्या डिसेंबरातल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. निजामाने त्याआधीच, १७९८ साली, तैनाती फौज पत्करली होती. पुढे त्याच्या माथी आणखी एक फौज बसली, तिचे नाव हैदराबाद कंटिंजंट. फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, खर्च मात्र निजामाच्या नावे! खर्च थकला, कर्ज झाले, कर्जावर व्याज चढले. शेवटी २१ मे १८५३च्या तहाने वऱ्हाड त्या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. नावाने मुलूख निजामाचा, वसूल इंग्रजांच्या हाती.

हे शिकविताना मी एक वही आणतो आणि मुलांकडून खतावणी मांडून घेतो. एक मुलगा घरमालक, दुसरा राखणदार. राखणदार मालकाच्या नावे स्वतःचा पगार लिहितो, थकलेल्या पगारावर व्याज लिहितो, आणि पाचव्या पानावर घर राखणदाराचे होते. मुले हसतात. मग कोणीतरी हळूच म्हणते, आमच्या आज्याचं वावर असंच गेलं. तेथे वर्ग गप्प होतो. मी त्या वेळी काही बोलत नाही.

त्या तहाच्या अवघे पाच आठवडे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. त्याच महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेविषयीचे आपले टिपण लिहिले आणि इंग्लंडास हिंदुस्थानचा कापूस हवा आहे, हे त्यात स्पष्ट नमूद केले. आगगाडी आणि वऱ्हाड या दोन निरनिराळ्या धड्यांतल्या गोष्टी मुलांनी एकाच पानावर लिहून पाहाव्यात, असे मला वाटते. १९०२ साली कर्झनच्या काळात वऱ्हाडचा पट्टा कायमचा झाला; वर्षाला २५ लाख रुपये. पुढल्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले. १९३६ साली निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. किताब त्याला मिळाला आणि कापूस मँचेस्टरला गेला.

इंग्रजीत वसाहतीला 'सेटलमेंट' म्हणतात आणि जमाबंदीलाही 'सेटलमेंट'च म्हणतात. अमेरिकेत पहिल्या अर्थाने ते घडले. गोरा शेतकरी तेथे जमिनीवर वसला. वऱ्हाडात दुसऱ्या अर्थाने घडले. आमच्याकडे गोरा शेतकरी आला नाही. साखळी आली आणि सातबाराचे पूर्वज असलेले कागद आले. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने येथे मोजणी सुरू झाली. मी शाळेच्या मैदानावर ३३ फुटांची दोरी घेऊन जातो, तिला १६ आण्यांच्या खुणा करतो, चार मुलांना चार कोपऱ्यांवर उभे करतो. हा झाला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मग सांगतो, की आकार तीस वर्षांसाठी ठरला हे रयतेस सोयीचे होते. त्यापूर्वी निजामाच्या अमलात मक्तेदार परगणेच्या परगणे मक्त्याने घेत आणि रयतेस पिळून काढीत, ती परिस्थिती यापेक्षा वाईट होती. हे सत्य लपवू नये. परंतु ज्या कागदाने जमीन शेतकऱ्याच्या नावे झाली, त्याच कागदाने ती गहाण टाकण्याची आणि विकण्याची वाटही मोकळी झाली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यात गोऱ्या कामगारांबरोबर काळ्या कारकुनांनाही त्यांनी झोडपले आहे. मुलांना दोन्ही दाखवावे. एकाच बाजूस आसूड ओढणारा शिक्षक वकील होतो, शिक्षक राहत नाही.

तिसरा पट्टा आपल्या दारातला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तोवर लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीनचतुर्थांशाहून अधिक कापूस तेथून, गुलामांच्या कष्टांतून येत असे. तो थांबताच इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत गेली. १८८६ साली शेजारच्या कारंज्यास कायद्याने नियंत्रित असा कापसाचा बाजार सुरू झाला. १९१० साली किलिक निक्सन या पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि यवतमाळ, दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला मोठ्या लोहमार्गास मिळणारी अडीच फुटी गाडी आपल्या नशिबी आली. तीच आपली शकुंतला.

फरशीवरच्या नकाशावर मी आता तिसरी दोरी टाकतो. ती जेम्सटाऊनकडून निघते, दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या कापसाच्या मळ्यांतून मँचेस्टरला जाते आणि तेथून मुंबईमार्गे दारव्हा मोतीबाग स्टेशनावर येऊन थांबते. १६०७ साली पश्चिमेस गेलेली दोरी आणि १६०८ साली पूर्वेस आलेली दोरी यांची गाठ आपल्या गावात पडते! हे पाहून मुलांचे डोळे विस्फारतात. खरे सांगावयाचे तर पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझेही विस्फारले होते.

मग आम्ही स्टेशनावर जातो. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४पर्यंत चालले. त्याच्या धुराने माझेही डोळे लहानपणी चुरचुरले आहेत. आता गाडी धावत नाही. रुळांत गवत आहे. मुले रुळांमधले अंतर फूटपट्टीने मोजतात, फलाटाची लांबी पावलांनी मोजतात, आणि रोज किती गाठी येथून जात असतील याचा अंदाज बांधतात. एखाद्या म्हाताऱ्या हमालास बोलावून गाठ पाठीवर कशी घेत, हे विचारतात. त्याच्या पाठीचा बाक हेही इतिहासाचे एक साधनच आहे, असे मी मानतो.

१९५१ साली इतर रेल्वे सरकारी झाल्या तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि सरकारी रेल्वे कराराने त्यावर गाडी चालवीत राहिली. गावात अजून सांगतात, की इंग्रज मालक लंडनमध्ये बसून आपले भाडे घेतो. मीही पूर्वी सभांतून हेच ठोकून देत असे, टाळ्या पडत. वस्तुतः किलिक निक्सन ही पेढी कालांतराने भारतीय भांडवलदारांच्या हाती आली. इंग्रज गेला, पट्टा तेवढा हात बदलून राहिला. लंडनच्या साहेबाची गोष्ट सोपी आहे म्हणून ती टिकते, आणि अशा सोप्या गोष्टींनीच आपले डोळे खऱ्या कागदावरून ढळतात. आता मी मुलांसमोर माझी ती चूक कबूल करतो. शिक्षकाची चूक ऐकली, की मुलांना प्रश्न विचारण्याचा धीर येतो.

त्या मुलीस मी पुढल्या वर्षी उत्तर दिले. म्हटले, दार एकाने उघडले नाही, बाई. कोणी जकातीसाठी, कोणी दलालीसाठी, कोणी गादीसाठी, कोणी पोटासाठी उघडले. आणि पुष्कळांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांच्या अंगठ्याने ते उघडले गेले.

त्यानंतरच्या हंगामात तिच्या बापास एका मुकादमाने उचल दिली आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागितला. ही पोरगी मध्ये पडली. आधी रक्कम लिहा, मग बाबा अंगठा देतील, असे म्हणाली. मुकादम संतापला. बापास दोन दिवस काम मिळाले नाही, आणि घरात तिला बोलणीही बसली. तिसऱ्या दिवशी रक्कम लिहिलेला कागद आला. दोन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. ती मी भरून देऊ शकलो नाही आणि संघटनाही देऊ शकली नाही. मुलांना असा इतिहास शिकविण्याची किंमत कधीकधी त्यांच्या बापास मोजावी लागते, हे शिक्षकाने विसरू नये. म्हणूनच तो खोटा आणि स्वस्त शिकवू नये.

येथे जमलेल्या शिक्षकबंधूंस आणि आईबापांस माझी विनंती एवढीच, की पुठ्ठ्याची टोपी माळ्यावर टाका. एक दोरी, एक खडू, एक वही आणा आणि मुलांना आपल्या गावच्या स्टेशनावर घेऊन जा. वखारीस जागा कोठे द्यावी यावर त्यांना भांडू द्या. त्यांतली काही मुले उद्या शेत खरेदी करतील, काही नोकरीच्या करारावर सही करतील, काही या गावाचा कारभार पाहतील. त्यांच्यापुढे कागद येईल तेव्हा सुरतेची, मुंबईची आणि वऱ्हाडची आठवण त्यांना झाली पाहिजे, आणि सही करण्यापूर्वी त्यांनी तो पुरता वाचला पाहिजे.